हेमॅटाइट

मी मुळात दगडांतली बाई.
अकरा वर्षं मेसाबीच्या खाणीत
ड्रिलनं उपसलेले खडकाचे दांडे
लांबट खोक्यांत ओळीनं निजवायचे,
फुटाफुटावर आकडा घालायचा.
दोन अब्ज वर्षं म्हणजे आमच्याकडे परवाची गोष्ट.

मग खाण बंद पडली.
डुलुथच्या कॉलेजात हॉकेन्सन बाई म्हणाल्या,
"एक पदवी आहेच तुमच्याकडे,
तेव्हा चार वर्षांचं नर्सिंग पंधरा महिन्यांत.
घरच्यांना, कुत्र्यामांजरांना आजच सांगून टाका."
आम्ही हसलो.
बाई नाही हसल्या.

सोमवारी मूत्रपिंड, बुधवारी यकृत,
शुक्रवारी दोन्हींची परीक्षा.
औषधाच्या हिशेबात एक दशांशचिन्ह सरकलं
की शंभरातले नव्व्याण्णवही नापास.
संत्र्यांना सुया टोचून हात बसवला.
त्यातलं एक लेकीनं पट्टी बांधून फ्रिजमध्ये ठेवलं,
वर चिठ्ठी: आराम करू द्या.

ओडेल, हॉकीचा प्रशिक्षक होता, सहा फूट तीन,
पहिल्या कॅथेटरला भिंत धरून खाली बसला.
टेरेसा क्विग्ली चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची;
हृदयाचा तिसरा आवाज
आमच्यात सगळ्यात आधी तिला ऐकू आला.
सातव्या महिन्यात तीच गेली.
रविवारी रात्री निरोप: माझी कार्डं कुणाला हवीत?
बुटांच्या खोक्यात, हिरव्या शाईत, आठशे बारा कार्डं.
पोटॅशियमच्या मागे लिहिलेलं:
दूध, मेणबत्त्या, आईच्या गोळ्या.

जानेवारी. पहाटेचे पाच चाळीस. उणे चोवीस.
खोली चारशे अकरा,
आयनो लेपिस्टो, वय सत्त्याऐंशी, छातीत पाणी.
अंघोळीला वीस मिनिटं, असं तक्त्यात.
डाव्या मनगटाच्या वर, कातडीच्या आत,
बोटभर तांबूस-काळी रेघ.
मी फॉर्मवर लिहायला घेतलं: जुना मार?
"ते नको लिहूस," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला,
"सुरुंगाचा चुरा आहे तो. एकसष्ट साली आत गेला,
बाहेर यायचं नावच घेत नाही."

मी अंगठा फिरवला.
मोज्यातून काय कळणार, तरी फिरवला.
"हेमॅटाइट," मी म्हणाले.
तेव्हा त्यानं डोळे उघडले.
"कुठल्या खाणीतली गं तू?"

वीस मिनिटांची अंघोळ पस्तीस मिनिटं चालली,
पाणी दोनदा बदललं.
बाई दारात येऊन घड्याळ बघून गेल्या.
शेरा: वेळेचं नियोजन कच्चं.
खाली, दुसऱ्या पेननं: त्वचेची तपासणी चांगली.

शुक्रवारी रक्ताचा पेपर.
नावातच रक्त असलेला दगड अकरा वर्षं हाताळला,
आणि लोहाचा प्रश्न तेवढा चुकवला.

सोमवारी चारशे अकरात दुसराच कुणी,
तरुण, टीव्ही मोठ्यानं लावलेला.
चादरीच्या कोपऱ्यांच्या घड्या नव्या, कडक.
मी विचारलं नाही.
रक्तदाब घेतला. लिहिला.

घरी जाताना बंदरावरचा पूल उचललेला.
हंगामातलं शेवटचं जहाज, हजार फूट लांब,
पोटात खनिज घेऊन
बर्फ मोडत सुपीरियरकडे निघालं होतं.
त्याला कोण घाई करणार?
गाडीत बसल्या बसल्या टेरेसाचं एक कार्ड काढलं:
श्वसन, प्रौढ, मिनिटाला बारा ते वीस.
समोर काचेवर माझीच वाफ
येत होती, जात होती.
अर्धा मिनिट मोजली.
दुप्पट करायच्या आत
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.