अकरावा खांब

जमीन गोठायच्या आत चर खणून हवा,
एवढंच पिर्क्को म्हणाली फोनवर.
कायानी गावाबाहेर तिचा दारं-खिडक्यांचा कारखाना,
बत्तीस माणसं, एक सौना,
आणि मागच्या आवारात ओळीनं
चौदा जुने खांब.

या खांबांवर गाडी चालत नसे कधी.
उणे तीसमध्ये इंजिन गोठू नये
म्हणून दोन तास ऊब,
आजाऱ्याची छाती शेकावी तशी.
प्रत्येकाच्या पोटात घड्याळ, झाकणाला कुलूप,
आणि किल्ली ज्याच्या खिशात त्याची ती जागा.
कागदावर कुठेच नव्हतं हे,
पण दुसऱ्याच्या खांबाशी गाडी लावायची
कुणाची छाती झाली नाही.

आता इथं सहा चार्जिंग पॉइंट.
मी मेन बोर्ड उघडला.
त्रेसष्ट अँपिअरचे तीन फ्यूज,
केबल अॅल्युमिनियमची, माझ्याच वयाची.
म्हटलं, सहा बसतील,
पण सहाही एकदम पोटभर जेवणार नाहीत.
कारखाना जेवून उरेल ते
यंत्र वाटून देईल सारखं.
"आणि शुक्रवारी?"
शुक्रवारी सौना तापली की गाड्या थांबतील.
पिर्क्को बराच वेळ फ्यूजकडे बघत राहिली.
मग म्हणाली, थांबू देत.

योनास, माझा शिकाऊ, अस्माराचा,
कमरेइतक्या चरातून म्हणाला,
"पहिल्या हिवाळ्यात तू सांगितलंस
इथं गाड्यांनाही शेक लागतो,
तेव्हा वाटलं, नवख्याची टिंगल चाललीय."
आणि पुन्हा फावडं मारलं.
वरची वीतभर माती आधीच कडक,
खापरासारखी वाजत होती.

एकेक खांब उघडत गेलो.
दुपारी दोन ते चार: दिवसपाळी.
रात्री आठ ते दहा: दुसरी पाळी.
एकात गांधीलमाशांचं रिकामं घर,
एकात लॉटरीचं तिकीट, न लागलेलं.

अकराव्याची किल्ली कुणाकडेच नव्हती.
कुलूप ड्रिलनं फोडलं.
आत चकती फिरत होती,
एक तास मागे,
उन्हाळी वेळ तिला कुणी कळवलीच नव्हती.
पहाटे चार ते सहा.
रात्रपाळी बंद होऊन नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षं रोज पहाटे
हिच्या आत खट् झालं असणार,
आणि दोन तासांनी पुन्हा खट्.
तार लावलेली नाही, म्हणून मीटरवर शून्य.
म्हणून कुणाला कळलं नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं,
बारीक, एकाखाली एक:
उणे एकतीस. सुरू झाली.
उणे अडतीस. सुरू झाली.
उणे बावीस. सुरू झाली, कुरकुर केली.
शेवटी तारीख नाही, आकडा नाही,
नुसतं: बास.

"तौनो केम्पाइनेन," पिर्क्को म्हणाली, "गोंदाच्या प्रेसवर होता.
तिकडे नदीपलीकडे राहतो. आता चालवत नाही."
झाकण हातात घेतलं, वाचलं,
परत माझ्याकडे दिलं,
जणू माझंच काहीतरी पडलं होतं.

योनासनं विचारलं, हा एक ठेवता येईल का?
नाही येत.
नव्या केबलशेजारी जुनी जिवंत तार,
नियमात नाही बसत.
मी पुरवठा तोडला.
चकती जिथं होती तिथं थांबली,
साडेदहाला, म्हणजे खरं तर साडेअकराला.

सोमवारी पॉइंट उभे राहिले,
पांढरे, गुळगुळीत,
कुलूप नाही, किल्ली नाही,
फोन दाखवला की कुणाचेही.
पहिली गाडी रंगखात्यातल्या मुलीची, जुनीच घेतलेली.
तिनं तार जोडली आणि कान देऊन उभी राहिली.
काहीच वाजलं नाही.
हिरवा दिवा लागला.
"झालं?" तिनं विचारलं.
झालं, म्हटलं.

तपासणीचा फॉर्म गाडीच्या टपावर ठेवून भरला.
इन्सुलेशन: ठीक. अर्थिंग: ठीक.
शेऱ्याच्या रकान्यात मी कधी काही लिहीत नाही.
तिथं लिहिलं:
उणे चार. सुरू झाली.

पिर्क्कोनं न वाचताच सही केली.