अठरा सेकंद

पडलो मी न्हाणीत. वादळात नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण तळाशीलला एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी,
आणि लोकांना वाटतं तांडेल पडला म्हणजे लाटेनेच पाडला असणार.
लाट नव्हती. साबणाचं पाणी होतं,
पहाटेचे चार वाजले होते, आणि बल्ब लावायचा आळस.

सुनेने विचारलं तेव्हा म्हटलं,
“पडलंय नाय, घसारलंय.”
तिने तेवढ्यावर सोडलं नाही.

आदल्या वर्षी कैतान पडला होता,
आपल्याच पडवीच्या पायरीवर, नव्या चपला घालून. खुबा मोडला.
शिमग्याला पडला, नारळी पुनवेला गेला.
त्याची होडी अजून माडाखाली पालथी आहे.
ती दिसली की माझे पाय वाळूत रुतायचे,
मग मी किनाऱ्यावर जाणंच सोडलं.
बसलेला माणूस पडत नाही, असा माझा हिशेब.

“चुकला हिशेब,” रसिका मेथर म्हणाली.
दर बुधवारी सर्जेकोटहून तरीने येते,
पिशवीत रबरी पट्टे, हातात मोबाइलचं घड्याळ.
“बसून बसून मांड्या वितळतात, काका.
मग पाडायला साबण लागत नाही.”
हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं,
तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला.
अठरा सेकंद.
तेवढ्यात मी कधीकाळी शीड उतरवलंय,
वारा फिरलेला असताना.
हे तिला सांगितलं नाही.

तिने मागितलं ते थोडंच:
न्हाणीत धरायला दांडी, रात्रभर एक लहान दिवा,
आणि उंबऱ्यातलं ते पायपुसणं फेका.
खळ्यात दोर मीच अंथरला, जुन्या जाळ्याचा, सरळ,
आणि त्यावरून चालतो, टाचेला बोट, टाचेला बोट,
शेजारी उठायच्या आत.
मग स्वयंपाकाचा ओटा धरून एका पायावर.
आधी अख्ख्या हाताने धरायचो,
मग दोन बोटांनी. आता एकाने.
नातू म्हणतो, आजोबा बगळा झाले.
बगळा निदान मासा तरी पकडतो, रे.

परवा तिला तरीपर्यंत सोडायला गेलो.
ओहोटीची ओढ होती, होडी डुलत होती,
तिचा एक पाय आत, आणि बाहेरचा उचलेचना.
माझ्या तोंडून गेलं, न ठरवता:
“गुडघे सैल सोड. अंग ताठवू नको.
पाण्याकडे बघशील तर पडशील,
पलीकडच्या डोंगराकडे बघ.”
बसली एकदाची. हसली.
“हेच तर मी तुम्हाला तीन महिने सांगतेय.”
होडी लांब गेल्यावर लक्षात आलं,
मी घोटाभर पाण्यात उभा आहे,
पायाखालची वाळू सरकतेय,
आणि हात कशालाच धरून नाहीत.
लगेच भीती वाटली. खोटं कशाला बोलू?
पण आधी वाटली नव्हती.

या बुधवारी तेरा सेकंद.
बारा हवेत म्हणते.
होतील, नाहीतर होणार नाहीत.
संध्याकाळी कैतानच्या होडीपर्यंत जातो,
तिच्या पाठीवर हात ठेवतो,
खपल्या निघालेला रंग बोटांना लागतो.
वळतो. परत येतो.
तेव्हा कुणी घड्याळ लावत नाही.