एक्केचाळीस सेकंद

राइवो बोलतो तेव्हा मेणकापडावरचे पावाचे कण
बोटानं गोळा करतो, एका ओळीत लावतो,
मग स्वतःच ती ओळ मोडतो.
हे मी पहिल्याच दिवशी वहीत टिपलं.
चेहरा दाखवायचा नाही, असं ठरलंय.
हात चालतील, म्हणाला,
हात काय, सगळ्यांचे सारखेच.

नाहीत.
त्याच्या डाव्या करंगळीला नख नाही.

ताल्लिनमध्ये, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल, काचेखाली दिवा.
सेकंदाला बारा चित्रं.
एक माणूस उंबरठ्यापाशी येतो तेवढ्यात
माझा अख्खा दिवस मावळतो,
आणि हिवाळ्यात इथं दिवस असतो तरी केवढा.

टेपवर तो सांगत जातो:
एकोणीस वर्षांचा होतो.
कुठं आहोत ते पत्रात लिहायचं नव्हतं.
आईला वाटायचं, पोरगं कुठंतरी झाडं लावतंय.
मोजे नव्हते, पायांना फडकी गुंडाळायची,
एक घडी चुकली की संध्याकाळी फोड.
कुंदूझच्या पलीकडे गाव. गावात तुतीचं झाड.
खाली पांढऱ्या तुतींचा सडा, बुटांना चिकटायचा,
चालताना गोड वास यायचा, त्याची लाज वाटायची.
मातीच्या भिंती. एक दार.
"दारापर्यंत गेलो. आत नाही गेलो. आत टार्मो गेला."

टार्मोला विचारता येत नाही.
तो ब्याण्णव साली मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला,
मार्च महिन्यात, जेव्हा शेंबडं पोरसुद्धा जात नाही.

आणि मग अळीमिळी गुपचिळी.
एक्केचाळीस सेकंद.
फ्रिजची घरघर,
आणि अंगणात त्याची बायको भूर्जाची लाकडं रचतेय,
एकावर एक, टक्, टक्.

संकलक म्हणाला, हे कापू.
मी म्हटलं, कापू कसं, एवढंच तर तो बोलला.

पण गप्प बसणं काढायचं तरी
चारशे ब्याण्णव कागद लागतात.
सात आठवडे मी फक्त ते दार काढलं.
फळ्यांच्या रेषा, खिळ्यांची डोकी,
एक माशी, जी बसते, उडते, पुन्हा तिथंच बसते.
रंग त्यानं सांगितला नव्हता.
माझ्याकडे अर्धी बाटली निळा उरला होता,
मावशीच्या होडीघराचा निळा.
तोच दिला.

वोरूच्या सभागृहात आठजण आले, कोटाची बटणं न काढता बसले.
हेलिकॉप्टरचा आवाज आम्ही शिवणयंत्रावर केला होता.
तरी एक म्हातारा उठला
आणि बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला, टोपीशिवाय.
त्याच्या बायकोनं टोपी नेऊन दिली,
परत येऊन उरलेला चित्रपट एकटीनं पाहिला.

शेवटी राइवो व्हरांड्यात मला गाठून म्हणाला,
"दार निळंच होतं. मी विसरलो होतो.
तुला कुणी सांगितलं?"
लोक कॉफीचे पेले उचलत होते.
मावशीचं नाव माझ्या जिभेवर आलं,
आणि मी मूग गिळले.
त्यानं माझा खांदा थोपटला, त्याच करंगळीच्या हातानं.

फेब्रुवारीत, रात्री अडीचला, फोन.
"लीस," तो म्हणाला,
"आतून ते दार निळं नव्हतं."

मग काही नाही.
त्यानं फोन ठेवला नाही, मीही नाही.
घरघर माझ्या फ्रिजची होती की त्याच्या, कोण जाणे.
अंधारात, सवयीनं, मी मोजू लागले:
बारा. चोवीस. छत्तीस.