दर अंशी दर हजारी

ओउलूत उणे सव्वीस. व्हॅनच्या मागच्या दारातून
यलमारीचा सिंथेसायझर आम्ही आत आणला
तेव्हा त्याच्या पट्ट्यांवर दव धरलं, चष्म्यावर धरतं तसं.
"चालू करू नकोस," राइली म्हणाली,
"पाहुणा आहे. आधी कोट उतरवू दे त्याला."
म्हणून आम्ही कॉफी प्यायलो. दोनदा.

यलमारीला घाई. सातला कार्यक्रम.
काल रंगमंचावरचे दिवे तापत गेले
तसे वरचे सूर उतरत गेले, खालचे चढत गेले,
मधला एक तेवढा जागचा हलला नाही,
भांडणात खुर्ची न सोडणाऱ्या माणसासारखा.

झाकण काढलं.
आत वाटाण्याएवढे दोन ट्रान्झिस्टर,
पाठीला पाठ लावून आलेली भावंडं.
जन्मानं नव्हेत, निवडीनं:
अंड्यांच्या ट्रेमध्ये दोनशे मांडून, पेन्सिलीनं आकडे लिहून
राइलीनं कुठल्याशा हिवाळ्यात जुळवलेल्या
अकरा जोड्यांपैकी ही एक.
उरलेले एकशे अठ्ठ्याहत्तर तिनं फेकले नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात आहेत. कुणाशीच जुळत नाहीत,
पण वाईट नाहीत, म्हणते.

एकाला ऊब लागली तर दुसऱ्यालाही लागावी,
म्हणजे निम्मं दुखणं आपसांत फिटतं.
निम्मंच.
उरलेलं व्याजासारखं चढतं,
दर अंशी दर हजारी तीन आणि वर थोडं.
ते फेडायला त्यांच्या डोक्यावर एक रोधक बसवलेला असतो,
त्यांच्याइतकाच तापणारा, तितकाच वाढणारा.

तोच सुटला होता.
लेप वाळून खपली झालेला,
रोधक केसभर वर उचललेला,
पेटीतल्या हवेचा ताप मोजत बसलेला.
इमानदारीनं. चुकीच्या माणसाचा.

मी नवा लेप लावला. सोल्डर केलं.
राइलीनं पुन्हा थांबवलं. पुन्हा कॉफी.
मग केस वाळवायच्या यंत्राची फुंकर दिली,
पाच सप्तकं, एकेक सूर.
काटा हलला नाही.
(तिची खरी चाचणी सॉनाच्या खालच्या बाकावर असते.
आज तेवढा वेळ नव्हता.)

दुसऱ्या ऑसिलेटरची जोडी अजून उघडीच होती.
सवयीनं मी एकावरच बोट ठेवलं. सूर चढला.
"चांगलाच चढला. ताप आहे तुला,"
राइली म्हणाली. आणि खरंच होता.

मग तिनं ठेवलं.
नुकतीच ती बाहेरून आली होती, यलमारीच्या व्हॅनला तार लावून,
हातमोजे विसरून.
सूर खाली गेला.
तिनं बोट काढलं, तरी बराच वेळ
तो परत येत राहिला, हळू,
जिना चढणाऱ्या माणसासारखा, प्रत्येक पायरीवर थांबत.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. दर वेळी दार उघडलं
की थंडी आत यायची, मग माणसांची वाफ.
यलमारी वाजवत होता. काहीच बिघडलं नाही,
म्हणून कुणीच मागं वळून पाहिलं नाही
शेवटच्या रांगेत,
जिथे राइली माझ्या खिशात हात घालून बसली होती.