अकरा मैल

तेवीस वर्षं मी लेट्यूस वाहिलं.
सलीनासच्या खोऱ्यातून थेट लेक सुपीरियरच्या काठाला,
दोन हजार तीनशे मैल, चार रात्री,
मागे शीतयंत्राची घरघर
आणि पुढे काचेवर चिरडलेले किडे.
माल उतरला की सही घ्यायची, पावती खिशात.
कुणी खाल्लं, कुणी टाकलं,
ड्रायव्हरला काय त्याचं!

टोमॅटोही वाहिले. हिरवे, दगडासारखे.
गोदामात गॅस सोडून त्यांना लाली आणत.
वायोमिंगमध्ये एकदा एक चावून पाहिला
आणि उरलेला खिडकीतून भिरकावला.
फुटला नाही.
टप्पे घेत घेत गेला.

मग गुडघे गेले, ट्रक विकला.
त्या हिवाळ्यात आयली कॉर्पेलाने
चर्चच्या तळघरात कागद फिरवला:
हंगामाचे पैसे आधी द्या,
उगवेल त्यातला वाटा न्या.
"आणि नाही उगवलं तर?"
"तर नाही उगवलं."
असला सौदा मी जन्मात केला नव्हता.
मिसेस ट्रेगिअर बघत होत्या म्हणून सही ठोकली,
खरं सांगायचं तर.

जूनमध्ये वाट्याला मुळे आले. पुन्हा मुळे.
आणि एक पाला, ज्याचं नाव
अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
जुलैत नवलकोल.
टेबलावर ठेवून दोन दिवस मी त्याच्याकडे बघत राहिलो,
तो माझ्याकडे.
तिसऱ्या दिवशी गाडी काढली. अकरा मैल.
भांडायलाच निघालो होतो.

आयली गाजरांत वाकलेली.
तिने मान वर न करता एक बादली पालथी घातली.
"बस. आणि हे उपट. गाजर सोडून बाकीचं."
बाकीचं आणि गाजर
कोवळेपणी सख्ख्या भावांसारखं दिसतं
हे कुणी सांगायचं?
पहिली अर्धी ओळ माझ्या पापाच्या खात्यात.

तरी मंगळवारी पुन्हा गेलो.
पुढे शुक्रवारीही.

माझा बाप तांब्याच्या खाणीत उतरताना
डब्यात पेस्टी न्यायचा, आत बटाटा, मांस, रुटाबागा.
खाण बंद पडली, पेस्टी राहिली,
पण रुटाबागा केव्हा कॅनडाहून यायला लागला
गावात कुणाला कळलं नाही.
मला कळायला हवं होतं.
त्यातल्या कित्येक खेपा माझ्याच होत्या.

सप्टेंबरच्या वीस तारखेला रात्री नऊला फोन.
"हिम पडणार. चादरी आणा."
मी पोचलो तर शेतात मोटारींचे दिवे लागलेले
आणि अर्धं गाव अंथरूण घेऊन आलेलं:
फुलाफुलांच्या चादरी, इस्पितळाचा शिक्का असलेल्या,
रॉकेटं छापलेली कुणा पोराची,
चर्चचा नाताळातला टेबलक्लॉथसुद्धा.
मी गॅरेजमधून ट्रकची जाड पांघरुणं काढली होती.
जानेवारीत घाट चढताना
याच पांघरुणांखाली मी परक्या लेट्यूसला
थंडीपासून जपत आणलं होतं.
वास तोच, डिझेलचा नि ओल्या पुठ्ठ्याचा.
डेल्मर हॅविस्टोने एक टोक धरलं, मी दुसरं.
आमचं बोलणं बंद होतं नऊ वर्षं, एका कुंपणावरून.
"तुझ्याकडून ओढ," तो म्हणाला.
मी ओढलं.

पहाटे सगळं शेत
झोपलेल्या माणसांच्या वॉर्डासारखं पांढरं.
वरच्या दोन ओळी गेल्या, काळ्या पडल्या.
चादरी कमी पडल्या होत्या, दुसरं काही नाही.
आयली त्या ओळींपाशी जरा वेळ उभी राहिली,
मग नाक पुसून कामाला लागली.

मी माझं पांघरूण उचललं. खाली एक टोमॅटो,
देठापाशी तडकलेला, वाकडा,
दुकानात कुणी उभाही केला नसता.
तिथेच खाल्ला. रस कोपरापर्यंत गेला.
सवयीने हात खिशाकडे, पावतीसाठी.

पलीकडे मिसेस ट्रेगिअर चादरी मोजत होत्या.
"गुलाबी काठाची कुणी पाहिली? लग्नातली आहे ती."
चार वेळा मोजल्या.

ती अजून सापडलेली नाही.