लोणच्यावरची काच

लिंबं वर तरंगू नयेत म्हणून
आमच्या बरणीत सहा इंची जाड काच असते.
पाहुणे विचारतात, कुठं मिळाली हो, वजनाला बरी आहे.
बायको सांगते, यांचीच. लग्नाआधीची.
जशी एखाद्याची जुनी खोड असावी.

एकवीस वर्षांचा होतो.
अनगोळात घरामागं वाळू भरलेलं ऑइलचं पिंप,
त्यावर एक काच, काचेवर दुसरी,
मधे ओली कार्बोरंडमची पूड.
एक घसा, थोडं वळण, एक पाऊल.
एक घसा, थोडं वळण, एक पाऊल.
कामावरून आल्यावर रोज तासभर पिंपाभोवती.
शेजारची निंगव्वा कुंपणावरून विचारायची,
"एन माडाकत्तीयो भरमा? याव देवरु इदु?"
मी म्हणायचो, "शनी, काकू.
शनीची कडी बघायची तयारी करूलालोय."
पुढच्या शनिवारी पिंपापाशी
तेलाची वाटी होती, आणि दोन रुईची पानं.

बास्त्याव कॅम्पातून सायकलनं यायचा.
आमचं ठरलं होतं: अमावास्येला येळ्ळूरच्या गडावर नळी लावायची,
तिथून पुढं बघू.
पुढचं म्हणजे दक्षिणेतली एक वेधशाळा.
तिला मी इंग्रजीत पत्र लिहिलं,
स्पेलिंग बास्त्यावनं तपासलं.
उत्तर आलं नाही असं सांगायला बरं वाटलं असतं.
आलं होतं.
आधी पदवी घ्या, मग जरूर या.
खाली निळ्या शाईत सही, आणि
'जरूर' या शब्दाखाली एक रेघ.

कुणी अडवलं नाही मला.
हे सांगून ठेवतो, कारण ऐकणाऱ्याला
अडवणारा कुणीतरी लागतो.
वडील म्हणाले, बघ बाबा तुझं.
उद्यमबागेत लेथवर होतो, ओव्हरटाइम मिळत होता.
बास्त्यावला मस्कतचा व्हिसा आला.
शेवटची, पिठासारखी पूड संपली,
नवी मागवायची होती पगार झाला की.
आमच्या भागात सगळ्याच गोष्टींना पुढची तारीख पडते,
तिलाही पडली.

आता त्याच शेडमध्ये मी सुपरवायझर.
पंपाचे शाफ्ट, दोन मायक्रॉनच्या आत.
इरण्णा म्हणतो, "साक बिड्री, पास आगतैति."
मी परत मापतो.
त्याला वाटतं, मालकाचा माणूस.

वाईट वाटत नाही, खरंच.
वाईट वाटत नाही याचंच कधी कधी,
तिसऱ्या गेटला, मालगाडी जाईस्तोवर
स्कूटर बंद करून थांबलो की.
मग गेट उघडतं, मागचे हॉर्न मारतात.

गेल्या रविवारी बरणी रिकामी झाली.
मोरीपाशी काच धुवायला घेतली, सकाळचं ऊन होतं.
घासलेली काच आंधळी असते,
पाणी लागलं की घडीभर बघते,
हे मी विसरलो होतो.
चुन्याच्या भिंतीवर उजेडाचा डाग पडला, पसरट.
मी अर्धं पाऊल मागं झालो.
डाग आवळला. अजून थोडं.
वाटाण्याएवढा सूर्य,
कडा अशी की नखानं उचलावी.
टेप आणला नाही. वितीनं मोजलं,
पाच विती आणि चार बोटं.
अठ्ठेचाळीस इंच.
तेव्हाही एवढंच होतं. वहीत लिहिलेलं,
वही कुठं गेली कुणास ठाऊक.

"काय करूलाय हो इतका वेळ?"
"धुवूलालोय."

पाणी वाळलं. भिंत नुसती भिंत राहिली,
रंग काढायला झालेली.

काच कोरडी पुसून तिच्या हातात दिली.
खानापूरहून नवी लिंबं आली होती, चिरून, मीठ लावून.
बरणीच्या तोंडाशी ती थांबली.
खोलगट बाजू वर ठेवू की खाली?
इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं तिनं.
वर, म्हणालो.
त्यात खार साचेल ना मग?
साचू दे.