बोटभर

कुलपांचा धंदा माझा, चाळीस वर्षं.
या टेकडीवरच्या निम्म्या दारांना माझ्या हातचं कुलूप आहे,
आणि माझंच दार लागत नाही.

चिली म्हणजे नकाशावर लोंबणारी दोरी,
आमचं बंदर तिच्यातली एक गाठ.
शनिवारी पहाटे कुणीतरी दोरी हिसडली.
भिंती राहिल्या, आढं राहिलं,
चौकट तेवढी कलली. बोटभर.
आता कडी कोयंड्यापाशी येऊन थांबते,
ओळख विसरलेल्या माणसासारखी.

वीज नाही. नळ कोरडे. फोन मुका.
बातमीला मात्र पाय लागत नाहीत:
नदीपलीकडचे येतायत, ट्रक भरून,
दुपारी दोनशे होते,
दिवेलागणीला, दिवे नसताना, पाचशे झाले.
पूल पडलाय
हे कुणी बोलत नाही.

गल्लीची दोन्ही तोंडं बुजवली आम्ही:
अबेलिनोची पालथी होडी, नोल्फाचा फ्रीज,
शाळेची बाकं, एक पाळणा.
येर्कोनं माशांचं जाळं ताणलं गुडघ्याच्या उंचीवर,
त्याला रिकामे डबे बांधले,
कुणी अडखळलं की वाजावेत म्हणून.
जमीन हलली की सगळे एकदम वाजतात
आणि आम्ही काठ्या घेऊन धावतो
जमिनीच्या अंगावर.

दंडाला पांढरी फडकी.
नोल्फानं लग्नातली चादर फाडली,
आपलं माणूस ओळखू यावं म्हणून.
शुक्रवारपर्यंत तोंडावरून ओळखायचो.

मला विचारायला येतात, जाणकार म्हणून.
मी सांगतो, दाराखाली पाचर मारा, आतून.
कपाट आडवं लावू नका, पळावं लागलं तर?
खिडकीखाली काचा पसरू नका,
पोरं अनवाणी निजलीत.
माझ्या दाराचं कुणी विचारत नाही.
तिथं मीच अडसर. खुर्ची टाकून,
अंगावर घोंगडी, मांडीवर पाइप-पाना.

चांदणं पडलंय. दिवे गेल्यावर कळतं केवढं असतं ते.
मनातलंसुद्धा दिसेल एवढं.
मी तोंड सावलीत ठेवून बसलोय.

खाटेखाली पिठाचं पोतं आहे.
पंचवीस किलो. माझं नाही.

रविवारी सुपरमार्केटचं शटर झोडत होते दहा-बारा जण,
पहारीनं, दगडानं, एकानं तर बंबानं.
बघवेना.
हात शिवशिवले.
"सरका," म्हणालो, "असं नसतं उघडत,"
आणि तार घालून उघडलं. दोन मिनिटं, फार तर अडीच.
मीच बसवलेलं होतं. पावती अजून घरात असेल.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या,
मग आत घुसले.
दोन्या एर्मिंदानं दुधाची पावडर घेतली, सुनेच्या तान्ह्यासाठी.
कुणी टीव्ही उचलला. वीज नसताना, टीव्ही.
माझ्या खांद्यावर कुणी पोतं ठेवलं,
"मास्तर, मजुरी."
मी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी नोल्फानं त्याच पिठाची जाड रोटी
निखाऱ्यांच्या राखेत भाजली, पहाऱ्यावरच्या सगळ्यांना वाटली.
पीठ कुठलं, कुणी विचारलं नाही.
राख झटकत खाल्ली
आणि तोंडात घास असतानाच
लुटारूंना शिव्या घातल्या.
मीही घातल्या. माझ्या जरा जास्तच झाल्या.

तीन वाजले असतील.
पलीकडच्या काठावर शेकोट्या दिसतायत,
आमच्याएवढ्याच, आमच्यासारख्याच ओळीत.
पुन्हा हलली.
आमचे डबे वाजले, येर्को ओरडला, काठ्या धावल्या,
आणि सगळं शांत होतंय तोवर
पाण्यावरून आवाज आला,
पातळ, लांबून,
डब्यांचा.

तिकडेही कुणी धावलं असेल.
तिकडेही कुणीतरी पूल मोजायचा विसरलाय.

मी खुर्ची मागे सरकवली.
दार पाठीला टेकलं.
बोटभर वारा आत येतोय,
पिठाला भाजल्याचा वास घेऊन बाहेर जातोय.